दुसऱ्यांदा काय म्हणून मागतील?

वाचकांचे प्रश्न, आर्वीच्या एका जुन्या पेंटरची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं, की धंद्यात काही अडलं असेल तर पत्र टाका. सतरा आली. त्यातली सहा 'कर्ज कुठं मिळंल' अशी होती. ती मी संपादकांकडे सरकवली, ते माझं काम नाही. नवीन वाचकांसाठी माझी ओळख एवढीच. तेवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, रस्त्याकडेच्या भिंतींवर बियाण्याच्या आणि सिमेंटच्या जाहिराती काढल्या. मग फ्लेक्स आला, ब्रश माळ्यावर गेले आणि मी लेबलं छापायचं लहानसं मशीन घेतलं. मार्केटिंगचं कॉलेज मी आतून पाहिलेलं नाही. बाहेरून पाहिलंय, पाटी रंगवायला गेलो होतो तेव्हा.

भिवापूर तालुक्यातून, बचत गटाच्या एक ताई लिहितात:
*भाऊ, आमचा सात बायांचा गट आहे. मिरची 220 रुपये किलोनं घेतो, देठं काढतो, वाळवतो, दळून आणतो. 200 ग्रॅमचं पाकीट 60 रुपयाले विकतो. पाकिटावर 'शुद्ध घरगुती लाल तिखट' लिहिलं आहे. जो नेते तो चांगलंच म्हणते, पण दुकानात ठेवलेली पाकिटं तशीच पडून राहतात. प्रदर्शनात एक जण म्हणाला, ब्रँडिंग करा, लोगो आठ हजारात करून देतो. द्यायचे का?*

ताई, आठ हजार सध्या गटाच्या खात्यातच राहू द्या.

आता असं पाहा. तुमचं तिखट आवडलेली बाई महिन्याभरानं पुन्हा त्या दुकानात जाते. काय म्हणते? "ते तिखट द्या जी, मागच्या वेळचं." दुकानदार चार पाकिटं पुढं टाकतो. चारींवर 'शुद्ध', चारींवर 'घरगुती'. ज्यात त्याले दोन रुपये जास्त सुटतात ते तो तिच्या पिशवीत घालतो, आणि बाईले घरी जाईपर्यंत पत्ता नाही. तुमचं तिखट चांगलं असून दुसऱ्यांदा मागायले तिच्याजवळ शब्दच नाही. वर्ध्याहून निघताना कोणी "बिस्कीट द्या" म्हणत नाही, 'गोरसपाक' म्हणते. तो शब्द तोंडात बसला म्हणून पाहुण्याच्या पिशवीत तो डबा असतो.

तुमच्या पत्रात मला नाव सापडलं, तुम्हीच लिहिलंय: सात बाया. 'सातजणी'. सातजणींचं तिखट. पाकिटावर ओळीनं सात मिरच्या काढा, देठासकट. ज्या म्हातारीला वाचता येत नाही ती म्हणेल, "ते सात मिरच्याचं द्या." झालं तुमचं लोगो. आठवी बाई गटात आली तर? येऊ द्या, पाकिटावर सातच राहतील. हे नाव नको असेल तर दुसरं ठेवा, पण एक परीक्षा घ्या: फोनवरून ते एकदाच एखाद्या आजीला सांगा आणि दोन दिवसांनी विचारा. जशाच्या तसं परत आलं तर ठेवा. देवीदेवतांची नावं शक्यतो टाळा. श्रद्धेला माझी ना नाही, पण मी एकट्यानं आयुष्यात एका देवीच्या नावाच्या निदान चाळीस पाट्या रंगवल्या असतील. चाळिसांतली तुमची कोणती हे गिऱ्हाईक कसं सांगणार?

दुसरं, तुम्ही भिवापूरच्या आहात हे पाकिटावर कुठंच नाही! भिवापूर मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नागपूर-मुंबईची माणसं तो शब्द वाचून पाकीट उचलतात. पण इथं सांभाळा. मिरची खरंच तिकडच्या वावरातली, त्या जातीची असेल तरच तसं लिहा, आणि जीआयची खूण छापायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. आणि गुंटूरची तेजा जातीची मिरची आणून दळत असाल तर त्यात लाज काही नाही, मग फक्त पत्ता भिवापूरचा लिहा, मिरची भिवापूरची लिहू नका. मिरची कोणत्या गाडीतून उतरली हे सगळ्या गावाने पाहिलेलं असते.

आता किमतीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. दहा किलो मिरचीचे 2,200 झाले. देठं आणि घट जाऊन, तुम्ही पुढं लिहिलंय त्याप्रमाणे, नऊ किलो तिखट उतरतं. दळाई किलोला 30 म्हणजे 270. नऊ किलोची पाकिटं 45, पाउच-स्टिकरचे सहा रुपये धरले तर आणखी 270. बेरीज 2,740. भागिले 45. एक पाकीट तुम्हाला जवळपास 61 रुपयाला पडतं आणि तुम्ही विकता 60 ला. सात बायांची दोन दिवसांची मजुरी यात एक पैसा धरलेली नाही. ताई, दुकानात पाकिटं पडून राहतात ते बरंच आहे म्हणायचं. खपली असती तर तोटा वाढला असता.

छापील किंमत 100 करा. दुकानदाराला 80 ला द्या. त्याला 20 सुटले की तो तुमचं पाकीट मागच्या फळीवरून पुढं आणेल; साठ रुपयांच्या पाकिटात त्याला काय देत होत्या? तुमच्याकडे पाकिटामागे 19 राहतात, 45 पाकिटांचे साधारण 860. थोडेच आहेत, पण आहेत तरी. आठवडी बाजारात स्वतः बसून विकाल तेव्हा मधले 20 पण तुमचे. मात्र बाजारात 80 ला विकायला जाऊ नका, नाहीतर तोच दुकानदार दुसऱ्या दिवशी पाकिटं परत करेल. बाजारात बसाल तेव्हा पाटावर ठेचा आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ठेवा. रंग डोळ्याला दिसतो, चव तुकड्याशिवाय कळत नाही.

किंमत वाढवली की गिऱ्हाईक पाकीट उलटून पाहतं, म्हणून मागची बाजू नीट करा. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा 14 आकडी क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागे किंमत (तुमची 50 पैसे येते) आणि तक्रारीसाठी फोन. छापायला देण्याआधी तो फोन नंबर तिघींनी वाचायचा. मी हे का सांगतो? 2009 मध्ये एका पापडवाल्या काकूंच्या दोन हजार पिशव्यांवर मी आठाच्या जागी तीन छापला होता. फोन लागायचा अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरांना. त्यांनी तीन महिने पापडाच्या ऑर्डरी वहीत उतरवून घेतल्या आणि मग पिशवीवरच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवल्या. सोबत एक ओळ होती: "उडदाचे दोन किलो मलाही."

आणखी एक गोष्ट, जी लोगोवाला सांगणार नाही. तुमचं पाकीट पूर्ण पारदर्शक आहे ना? तिखटाचा रंग उजेडानं उडतो. दुकानाच्या दाराशी लटकवलेलं पाकीट आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात विटकरी दिसायला लागतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल जुना. पाठीमागून बंद आणि समोर रुपयाएवढी खिडकी असा पाउच घ्या. स्टिकरवर नाव लाल शाईत नको, काळ्यात घ्या. उन्हात लाल आणि पिवळा पहिले उडतात, काळा-निळा टिकतो. माझ्या जुन्या पाट्या पाहा, कुंकवाच्या जाहिरातीत बाई आहे आणि कुंकू नाही.

हे सगळं जानेवारीअखेर उरका. वर्षाचं तिखट आपल्या बाया मार्च ते मे मध्ये भरतात, कुरडया-सरगुंड्यांच्याच धावपळीत. तोवर कापूस आणि तूर विकून घरात पैसा आलेला असतो. जूनमध्ये तो बियाण्यात जातो, तेव्हा तुमची जाहिरात कोणी वाचत नाही. आणि 'उमेद', म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानामार्फत प्रदर्शनाला जाल तेव्हा एक वही न्या, घेणाऱ्याचा नंबर आणि गाव लिहून घ्या. मार्चमध्ये त्या प्रत्येकीला एक फोन. आठ हजारांच्या लोगोपेक्षा त्या वहीतून जास्त तिखट जाईल.

कारंजा लाड भागातून, लाकडी घाण्याचे मालक:
*शेंगदाणा, करडई आणि जवसाचं तेल काढतो. शेंगदाणा तेल 360 रुपये लिटर. लोक म्हणतात, पाकिटातलं निम्म्या भावात भेटते, तुम्ही लुटता. बाटलीवर 'शुगर, गुडघेदुखी, कोलेस्टेरॉलवर गुणकारी' असं छापलं तर भाव पटेल का?*

ते छापू नका, भाऊ. शुगर बरी होते अशी जाहिरात 1954 पासून कायद्यानं बंद आहे, आणि खाण्याच्या वस्तूची खोटी जाहिरात केली तर अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. दंड सोडा, एखाद्या म्हाताऱ्यानं तुमच्या बाटलीवर विसंबून गोळ्या बंद केल्या तर रात्री झोप लागेल का?

भाव पटवायला तुमच्याजवळ त्याहून मोठं हत्यार आहे, आणि तुम्ही ते तुमच्याच पत्राच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून पाठवलंय. एका लिटरला साधारण अडीच किलो दाणे, 130 नं 325 रुपये. ढेप, म्हणजे पेंड, उरते 1.4 किलो, 40 नं 56 परत. राहिले 269. लाईट, मजुरी, बाटली धरून 45. झाले 314. विकता 360. हाच हिशेब चार फूट बाय तीनच्या पाटीवर लिहा आणि घाण्याशेजारी लावा! कागदावर नको, काळ्या फळ्यावर खडूनं, म्हणजे दाण्याचा भाव बदलला की तुम्ही गिऱ्हाइकासमोर पुसून नवा लिहाल. शेवटची ओळ धीटपणे लिहा: 'आमचे 46'. विदर्भातला माणूस नफ्याला नाही भांडत, लपवाछपवीला भांडतो. तो फळा वाचून कोणी घासाघीस करेल असं मला वाटत नाही, आणि केलीच तर तुम्हीच त्याले म्हणा, "तुमचे दाणे आणा, मी काढून देतो."

तसं खरंच करा. स्वतःचे दाणे आणणाऱ्यासाठी आठवड्याचा एक वार ठेवा, गावच्या बाजाराचाच. तो माणूस अर्धा तास घाण्याजवळ बसतो, तेल पडताना पाहतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो. त्याला चहा पाजा, ढेप त्याची त्याला बांधून द्या.

दोन गोष्टी चुकताय. लोक तुमचं लिटर दुसऱ्याच्या किलोशी ताडून पाहतात. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. बाटलीवर दोन्ही आकडे लिहा, गैरसमज तिथंच मिटतो. आणि किटलीतून सुटं ओतून देणं बंद करा. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. जवसाचं तेल लिटरच्या बाटलीत भरूच नका. ते लवकर खवट होतं, आणि एकदा खवट तेल चाखलेलं घर पुन्हा कधी जवस मागत नाही. पाव लिटरची गडद बाटली घ्या आणि त्यावर घाण्यातून काढल्याची तारीख हातानं लिहा. हाताची तारीख लोक वाचतात.

पुलगावजवळच्या खेड्यातून, एक तरुण दुकानदार:
*आजोबांचं किराणा दुकान आहे, पाटीवर 'न्यू जनता किराणा'. पण सगळे 'निंबाखालचं दुकान' म्हणतात. खरं तर तो निंब आठ वर्षांपूर्वी रस्ता रुंदीकरणात गेला. आता नवीन फर्निचर करतोय. मित्र म्हणतात, नावात 'मार्ट' पाहिजे आणि पाटी इंग्रजीत. काय करू?*

झाड जाऊन आठ वर्षं झाली आणि नाव अजून उभं आहे, हे वाचून मी चष्मा काढून बसलो. बाप्पा, कंपन्या यासाठी कोट्यवधी रुपये ओततात! लोकांनी तुमच्या दुकानाचं नाव ठेवलं, ते आठ वर्षं सांभाळलं, आणि तुम्ही पाटीवर मात्र 'न्यू जनता' ठेवून बसले. 'न्यू' तर आजोबांच्या वेळचं. 'निंबाखालचं किराणा' लिहा. आणि या पावसाळ्यात दुकानासमोर एक निंब लावा, रस्त्याची हद्द मोजून.

इंग्रजीचं म्हणाल तर पाटी मराठीत, देवनागरीत असणं राज्यात बंधनकारक आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही. दुसऱ्या लिपीत लिहायचं तर लिहा, पण मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही.

पाटीबद्दल मात्र माझ्याकडून दोन शब्द ऐकाच, हा माझा विषय आहे. माझे उस्ताद म्हणायचे, दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान एक इंच. तुमच्या समोरून एसटी जाते, रस्ता साठ फुटांवर असेल तर सहा इंचांखाली येऊ नका. आजकाल फ्लेक्सवर मालकाचा फोटो, आजोबांचा फोटो, देवाचा फोटो, साबण-बिस्किटांची चित्रं आणि कोपऱ्यात दीड इंचाचं नाव असतं. रस्त्यावरून काय दिसतं? गर्दी. नाव, खाली गाव, फोन. बास. पार्श्वभूमी पिवळी, अक्षर काळं. आजोबांचा फोटो आत गल्ल्यामागं लावा, तिथं तो शोभतो.

चिमूरकडचे मोबाइल दुरुस्ती करणारे एक भाऊ:
*'गुगलमधून बोलतो' असा फोन आला. दुकान नकाशावर ठेवायचं तर वर्षाले 4,999 भरा नाही त काढून टाकू म्हणते. खरं आहे का?*

खोटं. नकाशावरची दुकानाची नोंद फुकट असते, गुगल त्यासाठी पैसे मागत नाही. तो ओटीपी मागेल, देऊ नका. नोंद स्वतः करा. पडताळणीला बहुधा दुकानाचा, पाटीचा व्हिडिओ मागतात. नाव पाटीवर आहे तेवढंच टाका, त्याला 'बेस्ट मोबाइल रिपेअर चिमूर' अशी शेपटी लावू नका, नियमात बसत नाही. नकाशावरची पिन हातानं दुकानाच्या दारावर आणून ठेवा. खेड्यात ती नेहमी कोणाच्या तरी वावरात पडते. रस्त्याच्या पलीकडून घेतलेला एक फोटो टाका, शेजारची ओळखीची इमारत दिसेल असा. आणि पाच चांदण्यांसाठी गिऱ्हाइकाला सूट देऊ नका, तेही नियमाविरुद्ध. काम झाल्यावर "लिहा दोन ओळी" एवढं म्हणायला हरकत नाही.

दारव्हा तालुक्यातून, चिवडा करणारं एक जोडपं:
*आम्ही सहा वर्षांपासून 'झणझणीत चिवडा' या नावानं विकतो. आता शेजारच्या गावात एकानं त्याच नावानं, तशाच पिवळ्या पाकिटात सुरू केलं. नाव आमचं आहे. केस करावी का?*

वहिनी, तुमचा राग समजतो. पण 'झणझणीत' हे नाव नाही, वर्णन आहे. उद्या तिसरा 'झणझणीत' लिहील, चौथा 'खमंग'. जे विशेषण सगळ्याच चिवड्याला लागतं त्यावर एकट्याची मालकी कायदा सहजासहजी देत नाही. हे कडू आहे, पण वकिलाला पैसे देऊन ऐकण्यापेक्षा इथं फुकट ऐका.

त्याच्याशी भांडू नका, पुढं निघा. चिवड्याला तुमचं एक खास नाव द्या. वर्षभर दोन्ही ठेवा, वर मोठं नवं नाव आणि खाली लहान 'झणझणीत', म्हणजे जुनं गिऱ्हाईक चुकणार नाही. नाव ठरलं की आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधा, आधीच कोणाचं आहे का ते. शोधायला पैसे लागत नाहीत. मग अर्ज. त्यात मालाचा वर्ग लिहावा लागतो, चिवडा 30 व्या वर्गात येतो. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन फी 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000. लहान उद्योग असल्याचा कागद म्हणजे उद्यम नोंदणी, तीही फुकट होते. त्यासाठी कोणी हजार मागितले तर उठून या. एका नोंदणीचं आयुष्य दहा वर्षं, पुढं नूतनीकरण. अर्ज केल्याबरोबर नावाशेजारी लहान 'टीएम' लावता येतं. गोलातला 'आर' मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावला तर दंड. माझ्याकडे छापायला येणारे निम्मे लोक "तो गोलवाला आर पण टाका, भारी दिसते" म्हणतात. मी नाही टाकत.

आणि पहिल्या दिवसापासूनची बिलं, पत्रकं, तारखेसकट पाकिटाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. नोंदणी नसली तरी 'आम्ही आधीपासून वापरतो' हे दाखवायला तीच कामी येतात. सहा वर्षांची बिलं आहेत का घरी? नसतील, मला माहीत आहे.

पांढरकवड्याहून, ब्लाउज शिवणाऱ्या ताई:
*फेसबुकवर 2,000 रुपये देऊन जाहिरात 'बूस्ट' केली. नऊशे लाइक आले, एकही ब्लाउज आला नाही.*

लाइक कुठले आहेत ते उघडून पाहा. पुणे, इंदूर, कुठलंही असेल. पुण्याची बाई माप द्यायला पांढरकवड्याला येणार आहे का? पुढच्या वेळी जागा निवडताना नकाशावर तुमच्या दुकानावर पिन टाका आणि भोवतालची वीस-पंचवीस किलोमीटरच ठेवा. बजेट 300 पुरे. पण त्याआधी हे फुकटातलं करा: व्हॉट्सअॅपचं बिझनेसवालं अॅप घ्या, त्यातल्या कॅटलॉगमध्ये तुम्ही स्वतः शिवलेल्या दहा गळ्यांचे फोटो शिलाईच्या भावासकट टाका. इंटरनेटवरून उचललेले नकोत. ब्लाउज न्यायला आलेल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये तुमचा नंबर तिच्यासमोर सेव्ह करून घ्या, कारण ब्रॉडकास्टचा मेसेज नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. आणि रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणार असाल तर आत्ताच सांगतो, नका. लग्नसराईआधी एक, पोळ्याआधी एक, दिवाळीआधी एक.

देसाईगंजजवळून, दुचाकी गॅरेज चालवणारा वाचक:
*आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकं सुरू होतात. नाटकाच्या रंगमंचाजवळ बॅनर लावायचे 1,500 रुपये मागतात. गावात सगळेच लावतात. लावू का?*

झाडीपट्टीचं, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाचं पत्र आलं की माझा जीव थोडा सैल होतो. दोन हिवाळे मी वडशाला, म्हणजे तुमच्या देसाईगंजलाच, नाटकाचे पडदे रंगवायला जात होतो. तेव्हा पाहिलेलं सांगतो. प्रेक्षक दहा-वीस गावांतून येतो, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचाजवळ पंधरा बॅनर असतात: कृषी केंद्र, दवाखाना, सोनार, बांधकाम साहित्य. नट बोलायला लागला की त्यातला एकही कोणाला दिसत नाही. सोनाराचं चालून जातं, त्याले मान पाहिजे असतो. तुम्हाला गिऱ्हाईक पाहिजे.

तुमचं गिऱ्हाईक रंगमंचाजवळ नाहीच. ते उभं आहे गाड्या लावतात त्या वावरात. धानाच्या कापलेल्या खुंटांत आणि बोराच्या काट्यांत तीन-चारशे मोटारसायकली लागतात, आणि पहाटे चारला थंडीत त्यातल्या दहा-बारांची हवा गेलेली असते. आयोजकांना सांगा, बॅनरऐवजी तिथं एक बल्ब आणि टेबलापुरती जागा द्या. हवा फुकट भरा, पंक्चरचे नेहमीचेच पैसे घ्या. रात्र आहे म्हणून दहा रुपये जास्त घ्यायचा मोह होईल, तो आवरा. चाक फिरल्यावर त्या माणसाच्या गाडीच्या मडगार्डवर आतल्या बाजूनं तुमचं नाव-नंबर लिहिलेलं बोटभर स्टिकर लावा, विचारून. पुढच्या वेळी गाडी रस्त्यात बंद पडली की तो वाकून तिथंच पाहणार. "पहाटे हवा भरणारा" एवढ्यावर तुम्हाला चार गावं ओळखायला लागतील.

मध्यंतरात माईकवरून एक ओळ मात्र बोलवून घ्या, त्याला पाचपन्नास लागले तर द्या: "गाडीची हवा गेली असेल तर गाड्यांच्या वावरात बल्बाखाली या." फोन नंबर सांगू नका, नाटकात कोणी लिहून घेत नाही. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतील तिथंही हेच करा. शेवटी हिशेब लिहा: किती हवा, किती पंक्चर, आणि महिन्याभरात त्यातले किती गॅरेजवर आले. पाचाच्या वर आले नाहीत तर पुढच्या मंडईला जाऊ नका, घरी झोपा.

आणि वरुडहून, संत्र्याची रोपं विकणारे एक काका विचारतात:
*व्हिजिटिंग कार्ड एक हजार छापली तर स्वस्त पडतात. छापू का?*

शंभर छापा, काका. एका बाजूला कलमाची जात, खुंट कोणता, रोप किती महिन्यांचं हे हातानं लिहायला जागा मोकळी ठेवा. शेतकरी तसं कार्ड फेकत नाही, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवतो. आणि छापायला देण्याआधी त्यावरच्या नंबरावर स्वतः एकदा फोन लावून पाहा. अमरावतीचे मास्तर उचलतील तर मला कळवा.